स्नोमोबाइलच्या (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीच्या) प्रवासात पेट्रोल सोबत न्यावे की वाटेत घ्यावे?
पश्चिम अलास्कातील बहुतेक गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही. तेथे पेट्रोल उन्हाळ्यात युकॉन, कुस्कोक्विम या नद्यांतून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) येते, म्हणून ते महाग पडते. तरीही पुढचे गाव टाकीच्या पल्ल्यात असेल, तर पेट्रोल तिथेच विकत घ्यावे, कारण 20 लिटर पेट्रोलचे वजन सुमारे 15 किलो भरते आणि मऊ बर्फात हे ओझे ओढताना स्नोमोबाइल आणखी पेट्रोल पिते. मात्र पंप कधी उघडा असतो, हे आधी फोनवर विचारावे. पल्ला अपुरा असल्यास हिशेबापेक्षा निम्मे अधिक पेट्रोल स्लेजवर (मागे ओढायच्या घसरगाडीवर) घट्ट बांधावे. कॅन जमिनीवर ठेवून भरावा, पण काठोकाठ नको. टाकीत जागा होताच (आळस न करता) तो आधी रिकामा करावा.