पोलीस धोरणाचा मसुदा करताना ऑनलाइन संग्रह कसे वापरायचे

पोलीस दलासाठी धोरणांचे मसुदे लिहिणं हे माझं रोजचं काम. फाइल येते तेव्हा तिच्यावर बहुधा एका ओळीचा शेरा असतो: ‘बॉडी कॅमेऱ्यांच्या वापराबाबत धोरण तातडीने सादर करावे.’ (बॉडी कॅमेरा म्हणजे पोलिसाच्या गणवेशावर लावलेला छोटा कॅमेरा.) तातडी म्हटलं की कुणीही आधी तयार धोरण शोधायला लागतं. कुठल्या तरी दलाचं सापडतं, नाव आणि बोधचिन्ह बदललं जातं, मसुदा सहीला जातो आणि मंजूरही होतो. पण रात्रपाळीतला शिपाई एखाद्या घरातल्या भांडणासाठी दारात उभा असतो, तेव्हा बटण दाबायचं की नाही हे त्या कागदावरून त्याला कळत नाही. या प्रश्नांवर पोलीस धोरणांच्या आणि अहवालांच्या ऑनलाइन संग्रहांमध्ये फार चांगलं साहित्य आहे आणि बरंचसं फुकट आहे. ते वापरायची माझी पद्धत इथे सांगते. उदाहरण बॉडी कॅमेऱ्याचंच घेते, म्हणजे शेवटपर्यंत एकच धागा राहील.

आधी प्रश्न लिहून काढा

संग्रह उघडण्यापूर्वी एका कागदावर प्रश्न उतरवा. ते दलातच मिळतात. गस्तीवरचे शिपाई, नियंत्रण कक्षातले कर्मचारी, मुद्देमाल सांभाळणारे, तक्रारींची चौकशी करणारे अधिकारी, न्यायालयात पुरावा मांडणारे वकील, या सगळ्यांशी थोडा थोडा वेळ बोला. कॅमेरा नेमका कधी सुरू करायचा? पीडित व्यक्ती ‘बंद करा’ म्हणाली तर? रुग्णालयात काय? खबऱ्याशी बोलताना काय? चित्रण किती दिवस ठेवायचं, ते कोणी पाहायचं आणि पाहिल्याची नोंद कुठे राहणार? गोळीबारासारख्या गंभीर घटनेनंतर अधिकाऱ्याला जबाबाआधी स्वतःचं चित्रण पाहू द्यायचं का? हा कागद शेजारी असला की जाडजूड अहवालसुद्धा लवकर वाचून होतो, कारण त्यात काय हुडकायचं ते ठरलेलं असतं.

कुठे काय मिळतं

आदर्श धोरण हवं असेल तर आयएसीपी, म्हणजे पोलीस प्रमुखांची आंतरराष्ट्रीय संघटना. तिचं धोरण केंद्र १९८७ पासून हे काम करतं. तिथे एका विषयावर आदर्श धोरणाच्या जोडीला एक विवेचनाचा लेखही असतो. कोणतं कलम का घातलं, दुसरे पर्याय कोणते होते, कायद्याची अडचण कुठे येऊ शकते, हे त्यात सापडतं. घाईत लोक धोरण उतरवून घेतात आणि विवेचन उघडतही नाहीत. मी आधी विवेचन वाचते. तुमच्या दलाने पुढे वेगळा निर्णय घेतला, तरी तो कशापासून वेगळा आहे हे तुम्हाला सांगता येतं.

अमेरिकेच्या न्याय खात्यातलं कॉप्स, म्हणजे सामुदायिक पोलिसिंगचं, कार्यालय १९९४ मध्ये सुरू झालं. त्याच्या ग्रंथालयात मार्गदर्शक पुस्तिका आणि अहवाल मोफत मिळतात. पर्फ या पोलीस अधिकाऱ्यांच्या संशोधन मंचाबरोबर त्याने २०१४ मध्ये काढलेला बॉडी कॅमेऱ्यांवरचा अहवाल आजही सुरुवातीला वाचावा असा आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठी कॉलेज ऑफ पोलिसिंग या तिथल्या पोलिसांच्या व्यावसायिक संस्थेचं ‘ऑथराइज्ड प्रोफेशनल प्रॅक्टिस’, म्हणजे अधिकृत मार्गदर्शन, आहे. त्याचा मोठा भाग खुला आहे आणि कोठडी, पाठलाग, सार्वजनिक सुव्यवस्था अशी विषयवार मांडणी आहे. अधिकाऱ्यांनी ते विचारात घ्यावं अशी अपेक्षा असते. वेगळं वागायचं तर कारण सांगता आलं पाहिजे. शोधताना एक लक्षात ठेवा: अमेरिकी संग्रहात ‘बॉडी-वोर्न कॅमेरा’ टाकून जे मिळतं, ते ब्रिटिश संग्रहात ‘बॉडी-वोर्न व्हिडिओ’ टाकल्यावर मिळतं. भारतात पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरो १९७० पासून याच क्षेत्रात काम करतो. कोणत्याही देशातल्या मसुद्याला पाया म्हणून संयुक्त राष्ट्रांची दोन कागदपत्रं जवळ असू द्या: कायदा अंमलबजावणी अधिकाऱ्यांसाठीची १९७९ ची आचारसंहिता आणि बळ व बंदुकांच्या वापराबाबतची १९९० ची मूलतत्त्वं.

प्रश्न धोरणाचा नसून एखाद्या ठिकाणी पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गुन्ह्याचा असेल, तर ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या समस्याकेंद्री पोलिसिंग केंद्राच्या पुस्तिका बघा. एकेका घटनेमागे धावण्याऐवजी तिच्या मुळाशी असलेली समस्या सोडवावी, या हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचारातून हे सगळं उभं राहिलं. पुस्तिकेच्या शेवटी असतो तो तक्ता मला विशेष आवडतो. प्रत्येक उपायापुढे तो कसा काम करतो, कोणत्या परिस्थितीत जास्त उपयोगी पडतो आणि कशाची काळजी घ्यायची, हे लिहिलेलं असतं. वरिष्ठांसमोर टिपणी ठेवताना मी आता त्याच रकान्यांचा तक्ता करते.

शुल्क घेऊन तयार धोरणं पुरवणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. कायदा बदलला की त्या दुरुस्ती पाठवतात, ही सोय खरी. पण कलमामागचं कारण दलातल्या कुणाला तरी माहीत असलंच पाहिजे. चौकशी समितीसमोर कंपनीचा माणूस उभा राहत नाही.

एक कलम घ्या आणि उलटंपालटं करा

संपूर्ण धोरणांची तुलना करत बसू नका. एका प्रश्नावरची तीन-चार दलांची कलमं एकाखाली एक लावा. कॅमेरा सुरू करण्याबाबत साधारण दोन प्रकारची वाक्यं भेटतात. पहिलं असं: ‘अधिकाऱ्याला योग्य वाटेल तेव्हा त्याने कॅमेरा सुरू करावा.’ दुसरं २०१४ च्या त्या अहवालाच्या वळणाचं: मदतीसाठी आलेल्या प्रत्येक कॉलवर आणि कारवाईच्या प्रत्येक प्रसंगी कॅमेरा सुरू असलाच पाहिजे, सुरू करणं असुरक्षित किंवा अशक्य असेल तेवढाच अपवाद, चित्रण झालं नाही तर कारण लेखी द्यावं.

आता दोन्हींना तेच प्रश्न विचारा. कोणी करायचं? कोणत्या क्षणी? अपवाद कोणता आणि तो ठरवणार कोण? पाळलं नाही तर पुढे काय? पहिल्या वाक्याकडे फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्याकडे जवळजवळ सगळी आहेत, तरी ‘प्रसंगी’ म्हणजे नेमकं कधी हे मोकळंच राहतं. गाडीत असताना, दार वाजवताना, की आवाज चढल्यावर? माझ्या मसुद्यात मी तिथे ‘घटनास्थळी गाडीतून उतरण्यापूर्वी’ असं लिहिते. एवढ्या तीन शब्दांमुळे शिपायाला ऐन झटापटीत निर्णय घ्यावा लागत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधीची काही सेकंदं साठवायची सोय आहे का, तेही बघून घ्या. त्या भागात बऱ्याचदा आवाज नसतो आणि पुरावा म्हणून हा फरक मोठा आहे.

पुरावा तपासा, तारीखही तपासा

धोरणात काय लिहिलंय हे एक आणि त्याने खरंच काय होतं हे दुसरं. त्यासाठी संग्रहही वेगळे आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या ‘क्राइमसोल्यूशन्स’वर उपक्रमांना परिणामकारक, आशादायक किंवा परिणामशून्य अशी श्रेणी असते. ती श्रेणी एका अभ्यासावर दिलीय की अनेक, याचीही खूण असते. ती नजरेतून निसटू देऊ नका. कॉलेज ऑफ पोलिसिंगच्या गुन्हे-प्रतिबंधाच्या संचात परिणामाच्या जोडीला तो का होतो, कुठे होतो, राबवायला काय लागतं आणि खर्च किती, हेही पाहिलेलं असतं.

एकाच अभ्यासावर विसंबलं तर काय होतं, ते बॉडी कॅमेऱ्यांत स्वच्छ दिसतं. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो शहरात २०१२-१३ मध्ये ५४ अधिकाऱ्यांच्या पाळ्यांवर प्रयोग झाला. कॅमेऱ्याच्या पाळ्यांत बळाचा वापर साधारण निम्मा आढळला. जगभरच्या दलांनी तो आकडा उचलला. पुढे वॉशिंग्टन डीसीत २,२२४ अधिकाऱ्यांवर प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले: बळाचा वापर किंवा नागरिकांच्या तक्रारी, कशातच लक्षणीय फरक नाही. या दोन्हींच्या मधल्या काळात, २०१६ मध्ये, गुन्हेशास्त्रज्ञ बराक एरियल आणि सहकाऱ्यांनी अनेक दलांमधले प्रयोग एकत्र करून पाहिले होते. कॅमेरा सुरू करण्याचा नियम पाळला गेला तिथे बळाचा वापर घटला. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या मर्जीने कॅमेरा चालू-बंद केला तिथे तो वाढला. ‘योग्य वाटेल तेव्हा’ या शब्दांवर मी मसुद्यात एवढी का अडून बसते, ते यावरून लक्षात येईल.

तारखेचंही तसंच. २०१४ च्या अहवालात अधिकाऱ्यांना जबाबाआधी चित्रण पाहू द्यावं अशी शिफारस होती. दशकभराच्या अनुभवानंतर पर्फनेच ती बदलली: गंभीर घटनेनंतर अधिकाऱ्याला काय दिसलं, काय जाणवलं हे आधी नोंदवा, चित्रण नंतर दाखवा. जुना अहवाल संग्रहात अजूनही आहे आणि शोधात तो वर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक कागद उतरवताना त्याची प्रकाशन तारीख, उतरवल्याची तारीख आणि त्याच संस्थेचा नंतरचा कागद आहे का, हे मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.

आपला कायदा, आपली माणसं

परदेशी कलम आपल्या कायद्यात बसतं का, हे विधी अधिकाऱ्याकडून कलमागणिक तपासून घ्या. पुराव्याचा कायदा, खासगीपणाचे नियम, बालकांविषयीच्या तरतुदी, सेवानियम यांतलं काय कुठे आड येतं ते समासात लिहा. संख्याबळाचा विचारही इथेच करा. हजार अधिकाऱ्यांच्या दलातलं ‘पर्यवेक्षकाने चित्रणांची नियमित तपासणी करावी’ हे कलम एकाच पर्यवेक्षकाच्या ठाण्यात कागदावरच राहील.

मग मसुदा रस्त्यावर काम करणाऱ्यांना वाचायला द्या. मी त्यांना मत विचारत नाही, प्रसंग देते: ‘रात्रीची वेळ, दारात बाई, आतून मुलाचं रडणं, ती म्हणते कॅमेरा बंद करा. या कागदाप्रमाणे तुम्ही काय कराल?’ दोघांनी दोन उत्तरं दिली, तर कलम पुन्हा लिहायचं.

मिळालं तसं द्याही

तुमचं धोरण मंजूर झालं की ते कुठल्या तरी संग्रहात जाऊ द्या. आधी कारवाईचे डावपेच, संपर्काच्या वाहिन्या आणि व्यक्तींची ओळख काढून टाका. सोबत दोन पानांचं टिपण जोडा: कोणतं कलम कुठून घेतलं, काय बदललं, कशासाठी. धोरणापेक्षा हे टिपण दुसऱ्यांना जास्त कामी येतं. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदीही द्या. अमेरिकेत ‘एलईओ निअर मिस’ या व्यवस्थेत अधिकारी नाव न सांगता असे प्रसंग नोंदवतात आणि दुसऱ्या दलातला कुणी ते वाचून सावध होतो.

एखाद्या दलाचं धोरण फार आवडलं तर त्यांच्या मसुदाकाराला थेट फोन करा. या कामातली माणसं मोकळेपणाने बोलतात. मी हमखास विचारते: धोरण लागू झाल्यावर पहिली दुरुस्ती कोणत्या कलमात करावी लागली? त्याचं उत्तर संग्रहात बहुधा नसतं. ते मिळालं की त्याच कलमाखाली आपल्या मसुद्यात पेन्सिलीने रेघ मारून ठेवा आणि सहा महिन्यांनी आढाव्याला बसाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.