जुन्या गल्लीत टॉवर बांधताय? या चुका टाळा

गच्चीवर सोलर आणि दारात चार झाडं दाखवली की इमारत 'ग्रीन' झाली, असे नकाशे बेळगावात मी सारखे बघतो. शेजारी काय आहे, हे त्यात कुठेच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सरसकट बेसमेंट. शहापूर-वडगावकडे काळी माती, जवळ बळ्ळारी नाला आणि जुन्या घरांच्या परड्यात आड. तिथे एका बिल्डरने 'पावसाआधी उरकू' म्हणत ऐन मे महिन्यात खड्डा काढला. मृग लागला तरी खड्डा उघडाच. मग रात्रंदिवस मोटारी लावून पाणी उपसलं. एके दिवशी शेजारच्या मावशी घागर आणि दोर घेऊन साइटवरच आल्या. "दोर पुरंना झालाय बघा, सायेब." पाठोपाठ त्यांच्या मातीच्या भिंतीला बोटभर भेग पडली. नंतर बेसमेंटमध्ये पाणी झिरपलं ते वेगळंच. माझी सवय अशी की पावसाळ्यात आजूबाजूच्या आडांत टेप सोडून पातळी मोजल्याशिवाय नकाशाला हात लावत नाही. 'एवढं थांबायला वेळ नाही' म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये. गाड्या स्टिल्टवर, म्हणजे इमारत खांबांवर उचलून मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला घ्या. रस्त्याकडे दुकानं आणि कट्टा ठेवा.

'उत्तरेच्या खिडकीला छज्जा नको' हे पुस्तकी ज्ञान इथे चालत नाही. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. पश्चिमेला तर खोल छज्जा हवाच, पाऊस तिकडूनच आडवा येतो. काचेच्या भिंतींबद्दल बोलायलाच नको.

डिसेंबरात दुपारी ४० मीटर उंचीची सावली उत्तरेला साधारण ३३ मीटर पडते. मोकळी जागा उत्तरेला सोडा, शेजाऱ्याचं ऊन खाऊ नका.

पाऊसपाण्याचा हिशेब तर कुणी करतच नाही. ४०० चौरस मीटर गच्चीवर १००० मिमी पाऊस धरला तर ४ लाख लिटर होतात. ४० फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर. एवढं पाणी अठरा-एकोणीस दिवसांत संपतं. म्हणजे सांडपाणी शुद्ध करून संडासाच्या फ्लशला वापरणं आलंच.

आणि प्लॉटमधला आड बुजवू नका. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची काँग्रेस विहीर अजून आहे. गच्चीचं पाणी गाळून आडातच सोडा.