थोरल्या मुलीला जादूचं पुस्तक कसं द्यावं

ठाण्यात आमच्या बाहेरच्या खोलीत तीन कपाटं आहेत, तीच माझी घरगुती लायब्ररी. बारा ते सोळा वयाच्या मुली येतात आणि म्हणतात, "काकू, मॅजिकवालं काहीतरी द्या." त्यांतल्या बऱ्याच जणींच्या हातात मी डायना विन जोन्स यांचं 'हाऊल्स मूव्हिंग कासल' ठेवते. पुस्तक १९८६चं आहे, पण अजून टवटवीत. मात्र ते देण्याची एक रीत आहे, आणि ती मी आपटून आपटून शिकले.

पहिल्यांदा दिलं तेव्हा म्हणाले होते, "यातली मोठी बहीण बघ किती समजूतदार, अगदी तुझ्यासारखी." दोन दिवसांत पुस्तक परत. खाकी कव्हरची घडीसुद्धा मोडली नव्हती. समजूतदारपणाचा डोस जिला घरी तिन्ही त्रिकाळ मिळतो, ती तो माझ्याकडून कशाला घेईल?

म्हणून आता आधी विचारते, "घरात तुझा नंबर कितवा?" थोरली असेल तर लगेच सांगायचं: इंगरी नावाच्या देशात एका पावलात सात कोस नेणारे बूट खरेच मिळतात, पण तिथे तिघांतलं थोरलं असणं हे दुर्दैव मानतात. नशीब काढायला निघालात तर सगळ्यांत आधी तुम्हीच तोंडावर पडणार. (आटपाट नगरातल्या धाकट्या सुनांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.) मग गोष्ट थोडी पुढे न्या. वडील वारतात. थोरली सोफी घरच्या टोप्यांच्या दुकानात बसते, मधली लेटी बेकरीत कामाला लागते, धाकटी मार्था जादू शिकायला जाते. आणि त्या दोघी मंत्र वापरून गुपचूप जागा बदलतात! मधलीला जादू शिकायची असते, धाकटीला लग्न करून दहा मुलं हवी असतात. सोफीला पत्ताच नसतो. तो लागतो तेव्हा धाकटीच तिला वर सुनावते, की आई तुला फुकटात राबवून घेते आहे.

इथे मी थांबते, कारण इथे आमच्या ताईची आठवण येते. दहावीनंतर ती बाबांच्या दुकानात बसली आणि तिच्या पगाराचा विषय कुणी काढलाच नाही. मी मधली, मीही नाही काढला. हे सगळ्यांना सांगत नाही. पण एखादी थोरली "मग सोफीनं पगार मागितला का?" असं विचारते, तेव्हा पुस्तक लागू पडणार हे मला कळतं.

सोफीला चेटकीण म्हातारी करून टाकते, हे मागच्या कव्हरवरच आहे, ते खुशाल सांगा. पण ती टोप्यांशी बोलते तेव्हा नेमकं काय घडत असतं, ते चुकूनही फोडू नका. वाचणारीला ते सोफीच्या आधी कळतं, खरी गंमत तीच.

जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा या पुस्तकावरचा २००४चा सिनेमा पाहिलेला असेल तर आधीच सावध करा. सिनेमात युद्धाला फार जागा आहे आणि बहिणी जवळजवळ गायब. लेटी जेमतेम दिसते, मार्था तर नाहीच. मला सिनेमा आवडतो, पण बहिणींसाठी पुस्तकच.

बहिणी वगैरे नको म्हणणारीला हाऊलचं आमिष दाखवा. केसांचा रंग बिघडला म्हणून हा जादूगार रडून रडून घरभर हिरवा चिकचिकाट करतो. आजवर एकही मुलगी यावर हसायची राहिलेली नाही.

अकराव्या प्रकरणाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते. हाऊलच्या चालत्या किल्ल्याचं दार चार ठिकाणी उघडतं, त्यांतलं एक निघतं आपल्या जगातल्या वेल्समध्ये. अचानक मोटारगाडी येते, टीव्ही येतो, आणि मुली विचारतात की दुसऱ्याच पुस्तकाची पानं यात शिवली आहेत का. "तिथे हाऊलची बहीण भेटेल, तिच्या तोंडाचा पट्टा ऐकूनच ये," एवढं म्हटलं की पुरतं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलीबरोबर पहिलं प्रकरण मी मोठ्यानं वाचते, अर्ध्यावर चहा ठेवायला उठते आणि पुस्तक तिच्याकडेच राहू देते.

परत आणल्यावर "आवडलं का?" विचारू नका, "हो काकू" याखेरीज काही मिळत नाही. "टोप्यांचं तुला कुठे कळलं?" असं विचारा.

लेखिकेची गोष्ट त्यानंतर. त्या स्वतः तीन बहिणींतल्या थोरल्या. २०११ मध्ये गेल्या तेव्हा एक कादंबरी अर्धी राहिली होती. ती त्यांच्या धाकट्या बहिणीनं, उर्सुलानं, पुरी केली, आणि २०१४ मध्ये ती छापून आली. हे ऐकून एक थोरली मला म्हणाली, "काकू, आमची धाकटी माझं प्रॅक्टिकलचं जर्नलसुद्धा पुरं करणार नाही." आणि जाताना तिच्यासाठी तेच पुस्तक परत घेऊन गेली.