हळू जाणारी कार टिप्पर का वाटत होती?

गोव्यात साखळी गावी आमच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, आणि लोरा मोड्यूल (थोडी माहिती लांबवर पाठवणारा रेडिओ, ८६५-८६७ मेगाहर्ट्झ) बसवलं. वाहनातलं लोखंड पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं. सेन्सरवर त्याची लहर उमटते. त्या लहरीवरून मॉडेलने (नमुने दाखवून शिकवलेल्या संगणक प्रोग्रॅमने) दुचाकी, कार, टिप्पर ओळखायचे.

पण रेंगाळत जाणारी कार हटकून टिप्पर ठरायची! लहर किती वेळ टिकते हे फक्त वाहनाच्या लांबीवर नाही, वेगावरही अवलंबून, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग एक मीटरवर दुसरा सेन्सर लावला. दोघांतल्या वेळेच्या फरकातून वेग काढला आणि लहर सेकंदांऐवजी मीटरमध्ये मोजून मॉडेल पुन्हा शिकवलं. घोळ जवळजवळ मिटला.

उन्हाने सेन्सरची शून्यरेषा (वाहन नसतानाचं माप) सरकायची. रस्ता रिकामा असताना ती आपोआप नव्याने धरतो. कच्ची लहर पाठवणं बंद केलं, फक्त निकाल जातो, म्हणून बॅटरीही टिकते.

गॅस सिलिंडर लादलेली स्कूटर मात्र अजून फसवते.