मीटर ठीक होतं, मीच चुकीचा आकडा वाचत होतो

पत्र्यावर हातोड्याचा एकच ठोका, आणि आवाजाची पातळी मोजणाऱ्या मीटरवर दोन आकडे: मॅक्स १०१ डेसिबल, पीक १२७! मीटर बिघडलं असं वाटून कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देणारं तपासणीचं उपकरण) लावला, तर ९४ डेसिबल अगदी बरोबर.

मग सेटिंग उघडून पाहिलं. मॅक्स हा सरासरीतून गुळगुळीत झालेल्या पातळीचा सर्वांत वरचा आकडा. 'फास्ट'ला कालांक (सरासरी साधारण किती वेळावर पसरते तो आकडा) १२५ मिलिसेकंद, 'स्लो'ला १ सेकंद. ठोका त्याआधीच संपतो, म्हणून आकडा खाली राहतो. पीक मात्र दाबलहरीचं खरं टोक पकडतो, तिथे कालांकच नाही. शिवाय माझा मॅक्स 'ए' वेटिंगवर (खालच्या सुरांचे आवाज बरेच कमी धरणारी गाळणी) होता, पीक 'सी'वर (ते फारसे कमी न करणारी). तुलना कसली करत होतो कोण जाणे!

आता नोंदवहीत आकड्याशेजारी 'ए-फास्ट मॅक्स' किंवा 'सी पीक' असं पूर्ण लिहितो, आणि दर मोजणीआधी रीसेट दाबतो. नाहीतर मीटर ठेवताना बसलेला धक्काच पीक म्हणून अडकून बसतो.