मुंबईच्या दमट हवेत लॉन मॉवरचं इंजिन कसं सांभाळाल?

सोसायटीच्या लॉनवरचा मॉवर पावसाळ्यात सर्वांत जास्त राबतो आणि नंतर मीटर रूमच्या कोपऱ्यात पडून असतो. जास्त बिघाड होतात ते याच पडून राहण्याच्या काळात, ओलाव्याने आणि शिळ्या पेट्रोलने. पुढची कामं १४० ते १९० सीसीच्या, दोरी ओढून सुरू होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी आहेत.

कशालाही हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. मशीन कलतं करायचं असेल तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी नुसता धूर निघतो.

ऑइलकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. यातल्या बहुतेक इंजिनांना ऑइल फिल्टर नसतो, त्यामुळे झिजलेल्या धातूची पूड आतच फिरत राहते. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल ५ तासांनी बदला, त्यानंतर दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. साधारण अर्धा लिटर लागतं. मुंबईच्या उकाड्यात एसएई ३० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) उत्तम. १०डब्ल्यू-३० चालतं, पण ते जास्त जळतं आणि पातळी वारंवार बघावी लागते. इंजिन पाच मिनिटं चालवून, कोमट असताना जुनं ऑइल काढा. नवं थोडंथोडं ओतत डिपस्टिकच्या (पातळी बघायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर निळसर धूर येतो. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

कागदी एअर फिल्टर फक्त हलकेच आपटून झटका. धुतला की वाया गेला. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळा. पावसात ओलं गवत कापताना फिल्टर दर आठवड्याला उघडून बघा, आणि सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमध्ये (कूलिंग फिन्समध्ये) अडकलेलं गवत ब्रशने काढा. ते तसंच राहिलं तर इंजिन तापतं.

स्पार्क प्लगच्या टोकांमधलं अंतर बहुतेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिमी असतं, तरी मॅन्युअल बघाच. हेड (इंजिनाचा प्लग बसतो तो भाग) मऊ ॲल्युमिनियमचं असल्याने प्लग आधी बोटांनी पूर्ण बसवा, मग पान्याने आवळा: नवा असेल तर अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याहून कमी.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. हे पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाला साचतं, जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) बुजतं, इंजिन वरखाली हुंकारत चालतं. वाटीचा बोल्ट सैल करून पेट्रोल काढा, जेट कार्बोरेटर क्लीनरने धुवा. टोचायचंच असेल तर तांब्याच्या वायरचा एक धागा घ्या. पोलादी तारेने भोक मोठं होतं. महिनाभरापेक्षा जुनं पेट्रोल घालू नका. सोसायटीत टू-स्ट्रोक ब्रश कटरही (झुडपं कापायचं हातात धरायचं मशीन) असेल तर दोन कॅनना वेगळे रंग द्या: टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मॉवरमध्ये गेलं तर प्लग काळा पडतो, आणि साधं पेट्रोल कटरमध्ये गेलं तर त्याचं इंजिन जाम होतं. दुसरी चूक फार महागात पडते.

पातं दगडावर किंवा चेंबरच्या झाकणावर आपटलं आणि त्यानंतर दोरी हाताला झटका देऊ लागली, तर फ्लायव्हीलची चावी (इंजिनाचं जड चाक क्रँकशाफ्टवर, म्हणजे मुख्य दांड्यावर, जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) सरकली किंवा तुटली आहे असं समजा. ती मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे आपटल्यावर आधी ती तुटते आणि क्रँकशाफ्टला मार कमी बसतो. तिच्या जागी लोखंडी तुकडा ठोकू नका. मॉडेल नंबर सांगून तशीच चावी घ्या. नागदेवी स्ट्रीटला (मुंबईतल्या मशिनरीच्या बाजारात) विचारायचं असेल तर तुटलेली चावी सोबत न्या.

महिन्याहून जास्त काळ मशीन बंद ठेवायचं असेल तर टाकी आणि वाटी रिकामी करा, प्लग काढून आत एक छोटा चमचा ऑइल टाका, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढून प्लग परत बसवा. मग दोरी जिथे जड लागते तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.