संकल्पांचं तोरण

पाडव्याला हौसेने केलेले घरचे संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंत विसरले जातात. यंदा आम्ही त्यांचं तोरण केलं आणि ते डोळ्यांसमोर राहिले.

१. हिरव्या आणि पिवळ्या कार्डपेपरची आंब्याच्या पानाएवढी पानं कापून पाठीला पाठ चिकटवा. माणशी दोन, शिवाय घराचं म्हणून एक मोठं.

२. हिरव्या बाजूवर स्केचपेनने संकल्प लिहा, पण मोजता येईल असा. ‘भरपूर वाचन’ नको, ‘महिन्याला एक पुस्तक’ लिहा. आमच्या आजीने लिहिलं, ‘रोज संध्याकाळी खाली एक चक्कर’. मोठं पान सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ‘रात्रीचं जेवण टीव्ही बंद करून’ यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा रंगली, आणि मला तोच अर्धा तास सगळ्यात आवडला.

३. सुतळी स्वयंपाकघराच्या दारावर बांधा आणि पानं कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. भोक पाडून ओवलेली पानं वाऱ्याने आपोआप फिरतात.

४. संकल्प पुरा झाला की ज्याचं पान त्यानेच पिवळ्या बाजूला उलटायचं.

मुलांच्या पानावर मात्र आपण लिहू नका. लेकाला मी सुचवलेलं ‘रोज शुद्धलेखन’ अजून हिरवंच आहे. त्याने स्वतः लिहिलेलं ‘सायकल शिकणार’ मे महिन्यातच पिवळं झालं.